लेख कुठे पाठवावा? राजकीय तत्त्वज्ञानाच्या एका नियतकालिकाची पाहणी आणि गोव्यातील एक निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर गोव्यातील एका अनुदानित महाविद्यालयातले आहे. तिथे राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका सहाय्यक प्राध्यापिकेला आपला लेख कोणत्या नियतकालिकाकडे पाठवावा हे ठरवायचे होते. इथे त्यांना नुसते ‘मॅडम’ म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्याच महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि संशोधन समितीचा सदस्यही. त्यामुळे निर्णयाच्या प्रत्येक टप्प्यावर मी चर्चेत होतो.

मॅडमचे माहेर खाणपट्ट्यातले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्थगितीची मोहोर उमटवली. तेव्हा दारापुढे उभे राहिलेले ट्रक त्यांनी पाहिले होते. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने उत्खननाला वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. विकल्या जाणाऱ्या खनिजाच्या रकमेतला १० टक्के भाग ‘गोवा लोहखनिज स्थायी निधी’त ठेवावा असेही सांगितले. त्यामागे पिढ्यापिढ्यांमधल्या न्यायाचे तत्त्व होते. जमिनीखालची संपत्ती आजच्या पिढीने एकटीने संपवायची नाही, हा विचार गोव्यात प्रथमच रुपयांच्या हिशेबात उतरला. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या.

त्या काळात गावच्या देवळाच्या मंडपात झालेल्या एका बैठकीत वयाने मोठ्या असलेल्या एका ट्रकमालकाने मॅडमना विचारले होते, “बाय, पुढच्या पिढ्यांचा वाटा आम्हाला मान्य आहे. पण मधल्या आमच्या पिढीचे हप्ते कोण भरणार?”

त्यांचा लेख या प्रश्नातून उभा राहिला. खनिज पुढच्या पिढ्यांचेही असेल, तर उत्खनन थांबवण्याचा भार आजच्या पिढीतल्या कोणी आणि किती उचलायचा? उत्तर शोधताना त्यांनी गोव्यातली जुनी गावकारी, म्हणजे आजची कोमुनिदाद, समोर ठेवली. गावकारीत जमीन गावाच्या सामाईक मालकीची असे. तिच्या उत्पन्नातून आधी कर आणि गावाचा सामाईक खर्च भागवायचा आणि उरलेले गावकारांत, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या वंशजांत, वाटायचे. मूळ जमीन वाटायची नाही, उत्पन्न वाटायचे, तेही जबाबदारी पार पाडल्यावर. स्थायी निधीचे तत्त्व याच्याशी नाते सांगते, असा मॅडमचा दावा होता.

अडचण

डिसेंबर २०२३ मध्ये इंग्रजी मसुदा तयार झाला. मॅडम तेव्हा सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी अर्ज करण्याच्या तयारीत होत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार त्या पदासाठी किमान ७ शोधलेख आणि एकूण ७५ संशोधन गुण लागतात. लेखाचे गुण नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर, म्हणजे त्यातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्यावर, वाढतात. परीक्षित, म्हणजे लेख तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या, नियतकालिकाला इम्पॅक्ट फॅक्टर नसेल तर वाढीव ५ गुण, तो १ पेक्षा कमी असेल तर १०, १ ते २ असेल तर १५ आणि २ ते ५ असेल तर २०.

त्यामुळे एकच लेख, त्यातला एकही शब्द न बदलता, एका ठिकाणी छापला तर ५ वाढीव गुण मिळवतो आणि दुसऱ्या ठिकाणी २०. प्राचार्यांनी हे स्पष्ट सांगितले, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. “मॅडम, निवड समितीसमोर शंभर अर्ज असतात. लेख वाचायला कोणाला वेळ नसतो. आकडा दिसला पाहिजे.”

मॅडमच्या मनात ‘जर्नल ऑफ पॉलिटिकल फिलॉसॉफी’ होते. पदव्युत्तर काळापासून त्या त्यातले लेख वाचत होत्या. महाविद्यालयाकडे त्याची वर्गणी नव्हती, म्हणून त्या ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जात. समितीने मला सांगितले, या नियतकालिकाची पाहणी करा: ते कोणते विषय छापते, त्याचा प्रभाव किती आणि आपल्या लेखाला ते योग्य आहे का.

विषयांची पाहणी

हे नियतकालिक १९९३ मध्ये सुरू झाले. रॉबर्ट गुडिन त्याचे संस्थापक-संपादक, आणि तीस वर्षे तेच संपादक होते. मॅडम आणि मी मिळून अंकांच्या अनुक्रमणिका वाचायला घेतल्या.

पहिला प्रयत्न शब्दशोधाचा होता. ‘खाण’, ‘खनिज’, ‘सामाईक जमीन’ यांच्या इंग्रजी प्रतिशब्दांनी शोधले तेव्हा उपयोगाचे फारसे हाती लागले नाही. इथेच थांबलो असतो तर ‘हे नियतकालिक आपल्या विषयाचे नाही’ असा शेरा मारून फाईल बंद झाली असती. पण तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात विषय वस्तूच्या नावाने राहत नाही, तो प्रश्नाच्या नावाने राहतो. म्हणून आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. मॅडमनी आपल्या लेखातले मूळ प्रश्न मराठीत कागदावर लिहून काढले. दोष नसलेल्या माणसावर जबाबदारी येते का? सामाईक हानी थांबवण्याचा खर्च कसा वाटायचा? जन्माला न आलेल्यांचा हक्क कोण मांडणार? सामाईक मालकीत कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे? हे प्रश्न हातात घेऊन अनुक्रमणिका पुन्हा वाचल्या तेव्हा तेच नियतकालिक वेगळे दिसू लागले.

जबाबदारीच्या प्रश्नावर आयरिस मॅरियन यंग यांचा २००४ मधला लेख मिळाला. जगभरच्या कापड कारखान्यांत मजुरांवर होणाऱ्या अन्यायाला कपडे विकत घेणारे लोक जबाबदार आहेत का, हा त्याचा विषय. यंग म्हणतात, इथे जबाबदारी म्हणजे दोषारोप नव्हे. अन्याय घडवणाऱ्या व्यवस्थेत आपण सहभागी आहोत, म्हणून ती बदलण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ही जबाबदारी मागच्या गुन्ह्यापेक्षा पुढच्या कामाकडे पाहते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला ती त्याच्या स्थानानुसार कमीजास्त येते. खाणकंपनी, ट्रकमालक, बार्जमालक, मजूर, रॉयल्टी घेणारे सरकार आणि लाल धुळीखाली शेत गेलेला शेतकरी यांना एकाच मापाने मोजायचे नसेल तर ही मांडणी उपयोगी पडते.

खर्चवाटपाच्या प्रश्नावर सायमन केनी यांचा २०१४ मधला लेख मिळाला. हवामानबदलाच्या संदर्भात न्यायाचा विचार दोन प्रकारे करता येतो असे ते सांगतात. एक विचार भार कसा वाटायचा इथून सुरू होतो, दुसरा हानी टाळणे हे पहिले कर्तव्य मानतो आणि कोणी काय करायचे ते त्यानंतर ठरवतो. मॅडमच्या मसुद्यात हे दोन्ही विचार एकमेकांत गुंतले होते. काही परिच्छेदांत खाण थांबवणे हे साध्य होते, काहींत ट्रकमालकाला न्याय मिळणे हे. केनी वाचल्यावर मसुद्यातली ही गाठ त्यांना प्रथम दिसली. पाहणी नियतकालिकाची चालू होती, पण लेख तिच्यातूनच सुधारू लागला.

बाकी मोठा भाग लोकशाहीच्या सिद्धान्ताचा. ख्रिश्चन लिस्ट आणि गुडिन यांचा २००१ मधला लेख त्याचा चांगला नमुना आहे. १८व्या शतकातील कोंदोर्से यांचे प्रमेय असे की प्रत्येक मतदार चुकण्यापेक्षा बरोबर असण्याची शक्यता थोडी जरी जास्त असेल, आणि प्रत्येकाने आपापल्या बुद्धीने मत दिले, तर मतदारांची संख्या वाढेल तसा बहुमताचा निर्णय बरोबर असण्याची शक्यता वाढत जाते. मूळ प्रमेय दोन पर्यायांपुरते होते, या लेखाने ते अनेक पर्यायांपर्यंत नेले. शिवाय समता, स्थलांतर, जागतिक न्याय आणि स्वातंत्र्याच्या संकल्पना आहेत. एकेका विषयाचा समग्र आढावा घेणारे लेखही हे नियतकालिक स्वतंत्र सदरात छापत असे. नव्या अभ्यासकाने तिथूनच वाचायला लागावे असे मला वाटते.

एक उणीवही दिसली. प्रश्न सार्वत्रिक असले तरी उदाहरणे बहुतेक युरोप-अमेरिकेतली. गावकारीसारख्या संस्थेला तिथे जागा मिळाली नव्हती. मॅडमना यात संधी दिसली. मला धोकाही दिसला, कारण कोमुनिदाद म्हणजे काय हे सांगण्यात लेखाची निम्मी पाने गेली असती.

प्रभावाचा हिशेब

समितीतल्या विज्ञान शाखेच्या सहकाऱ्यांना नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर इतका लहान का, हे कोडे होते. त्यांच्या विषयात दोन आकडी संख्या दिसते, राजकीय तत्त्वज्ञानात नामवंत नियतकालिकेही त्याच्या आसपास फिरकत नाहीत. मग दर्जा कमी म्हणायचा का?

इथे मी समितीपुढे गणित मांडले. इम्पॅक्ट फॅक्टरची कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. आज तो क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. २०२३ चा आकडा काढायचा तर २०२१ आणि २०२२ मध्ये छापलेल्या लेखांना २०२३ मध्ये किती संदर्भ मिळाले ते मोजायचे आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचे. म्हणजे कोणताही लेख आपल्या नियतकालिकाच्या आकड्यात पुढची दोनच वर्षे धरला जातो. यंग यांचा २००४ चा लेख २००५ आणि २००६ च्या आकड्यांत मोजला गेला. मॅडमनी आता त्याचा आधार घेतला, तो या आकड्यात कुठेच येणार नाही.

आणखी ठळक उदाहरण पीटर सिंगर यांच्या लेखाचे. १९७१ च्या अखेरीस पूर्व बंगालमधले लोक अन्न, निवारा आणि औषधोपचारांविना मरत असताना तो लिहिला गेला आणि १९७२ मध्ये ‘फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स’मध्ये आला. संपन्न देशांतल्या लोकांवर दूरच्या उपाशी माणसाला वाचवण्याचे कर्तव्य किती, हा त्याचा प्रश्न. पन्नास वर्षांनंतरही तो जगभर शिकवला जातो आणि त्यावर वाद होतात. दोन वर्षांच्या मापात यातले काय मावणार?

तत्त्वज्ञानात एका लेखाला उत्तर लिहायलाच दोन वर्षे जातात. वाचायचे, विचार करायचा, मसुदा परिषदेत मांडायचा, परीक्षकांकडे पाठवायचा. शिवाय या क्षेत्रातला मोठा संवाद पुस्तकांतून चालतो, आणि पुस्तकांतले संदर्भ या मोजणीत अपुरे येतात. म्हणून एखाद्या नियतकालिकातल्या ज्या लेखांचे संदर्भ दिले जातात त्यांचे मध्यम वय किती, हा क्लॅरिव्हेटच्याच अहवालातला दुसरा आकडा पाहावा असे मी सुचवले. राजकीय तत्त्वज्ञानातल्या जुन्या नियतकालिकांत हे वय दहा वर्षांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. लेख किती वर्षे टिकतो, हे त्यातून कळते.

स्कोपस या संशोधन नियतकालिकांच्या सूचीतल्या माहितीवर आधारलेला साईटस्कोर चार वर्षांचे लेख धरतो. सायमॅगोचा आकडा संदर्भ देणाऱ्या नियतकालिकाचे वजनही पाहतो आणि त्यावरून पहिली ते चौथी अशी प्रतवारी लावतो. प्राचार्य ज्याला ‘क्यू वन’ म्हणत होते ती यातली पहिली प्रत. ही मापे निरुपयोगी आहेत असे मी म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. एकाच विषयातली दोन नियतकालिके शेजारी ठेवायला ती चालतात. पण एकट्या लेखाची किंवा लेखिकेची पात्रता त्यावरून ठरवू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनावरचा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ पासून सांगत आला आहे. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यात तर स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपावे हे स्वतंत्र कलम आहे. गोव्याच्या खाणींवर लिहिणाऱ्या माणसासाठी ते कलम महत्त्वाचे आहे.

मध्येच झालेला बदल

पाहणी चालू असताना नियतकालिकच बदलत होते. प्रकाशक वाईलीने गुडिन यांना संपादकपदावरून दूर केल्याची बातमी नोव्हेंबर २०२३ मध्ये आली होती. पाठोपाठ सहसंपादक आणि संपादक मंडळातले बरेच सदस्य बाहेर पडले. त्या परंपरेतून ‘पॉलिटिकल फिलॉसॉफी’ हे नवे नियतकालिक ‘ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज’ या ना-नफा प्रकाशन संस्थेच्या आधाराने उभे राहिले. तिथे लेखकाला पैसे भरावे लागत नाहीत आणि वाचकालाही नाहीत. मे २०२४ मध्ये ‘फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स’च्या संपादकांनीही सामूहिक राजीनामे दिले आणि ‘फ्री अँड इक्वल’ हे नियतकालिक त्याच आधाराने काढण्याचे जाहीर केले. नफ्यासाठी चालणाऱ्या प्रकाशकाला जास्तीत जास्त लेख छापण्यात रस असतो आणि दर्जा राखण्याशी त्याचा मेळ बसत नाही, ही त्यांची भूमिका होती.

यातून समितीपुढे असा प्रश्न आला जो कोणत्याही तक्त्यात नाही. इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाच्या नावाला चिकटलेला असतो आणि ते नाव प्रकाशकाकडे राहते. लेख निवडणारे, परीक्षक शोधणारे, मसुद्यावर पानपानभर टिपणे लिहिणारे लोक निघून गेले तरी पुढची काही वर्षे तोच आकडा दिसत राहतो. त्यांनी उभे केलेले नवे नियतकालिक मात्र आकड्याविना सुरू होते. स्कोपसमध्ये येण्यासाठीही नियतकालिकाला आधी किमान दोन वर्षे सुरू राहावे लागते. दर्जा जिथे गेला तिथे गुण कमी होते, आणि गुण जिथे होते तिथे दर्जाची खात्री नव्हती. आयोगाच्या तक्त्यातली ५ आणि २० यांमधली दरी मॅडमच्या आयुष्यात अशा रीतीने उघडी पडली.

कोणते पर्याय तोलले

सर्वांत सोपा मार्ग होता स्कोपसमध्ये असलेले, पैसे घेऊन काही आठवड्यांत लेख छापणारे एक बहुविषयी नियतकालिक. मॅडमच्या एका परिचिताने तो सुचवला. मी त्याचे अलीकडचे अंक पाहिले. अभियांत्रिकी, व्यवस्थापन, परिचर्या आणि राज्यशास्त्र एकाच अंकात होते. परीक्षणाला इतका कमी वेळ लागत होता की कोणी लेख पूर्ण वाचत असेल यावर विश्वास बसेना. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढली होती, ते समितीत सगळ्यांना आठवत होते. आज यादीत असलेले उद्या नसेल. हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाद झाला.

दुसरा पर्याय मूळ नियतकालिकाकडेच लेख पाठवण्याचा. प्राचार्यांचा कल इकडे होता. गुण मिळाले असते आणि नाव मोठे. पण अनेक अभ्यासकांनी त्याच्याशी असहकार जाहीर केला होता, आणि आपला लेख कोणाच्या हाती जाईल हे मॅडमना कळेना. त्या म्हणाल्या, “सामाईक संपत्तीच्या न्यायावर लिहायचं आणि ती राखणारे लोक हाकलले गेलेत त्या ठिकाणी पाठवायचं, हे मला जमणार नाही.” मला हे भावनेच्या भरातले वाटले नाही. लेखाच्या आशयाशी ते सुसंगत होते.

तिसरा पर्याय आकडा नसलेल्या मुक्त नियतकालिकाचा. चौथा मराठीतला. पुण्याचे ‘परामर्श’, वाईचे ‘नवभारत’ यांनी मराठीत गंभीर वैचारिक लेखनाची परंपरा सांभाळली आहे, आणि गोव्यातल्या दिवाळी अंकांनाही जाणते वाचक आहेत. पण निवड समितीपुढे मराठी लेखाची किंमत काय, हा प्रश्न होताच.

या चर्चेत एक गोष्ट हळूहळू स्पष्ट झाली आणि माझ्या मते तोच या प्रकरणातला कळीचा क्षण. विषयांच्या पाहणीने दाखवले होते की मसुद्यात दोन लेख आहेत. जबाबदारी आणि भारवाटपाचा युक्तिवाद जगभरच्या अभ्यासकांशी बोलणारा. गावकारीचा इतिहास आणि तिच्यातून काय घ्यावे, काय टाकावे याची चर्चा गोव्यातल्या आणि शेजारच्या वाचकांशी बोलणारी. ‘कोणते नियतकालिक’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणाशी बोलायचे आहे’ हा प्रश्न सुटायला हवा होता.

निर्णय आणि कृती

मॅडमनी मसुदा दोन केले. इंग्रजी लेखात गावकारी एका विभागापुरती ठेवली आणि यंग व केनी यांच्याशी सरळ वाद घातला. तो लेख, लेखकाकडून किंवा वाचकाकडून पैसे न घेणाऱ्या एका परीक्षित नियतकालिकाकडे जून २०२४ मध्ये पाठवला. नाव देत नाही, कारण दिले तर लेखिका ओळखू येईल. मराठी लेख गोव्यातल्या एका दिवाळी अंकासाठी लिहिला. मराठी लेख आधी आला तर तो पूर्वप्रकाशित ठरेल का, हे इंग्रजी नियतकालिकाच्या संपादकांना आधीच पत्राने विचारले. दोन्ही लेखांचा गाभा वेगळा असेल आणि तळटीपेत उल्लेख असेल तर हरकत नाही, असे उत्तर आले. हे पत्र जपून ठेवले आहे, पुढे कामाला येते.

अर्जासाठी मी एक टिपण तयार केले. त्यात नियतकालिकाचे संपादक मंडळ, परीक्षणाची पद्धत, आधी छापलेले लेख आणि मॅडमचा लेख कोणत्या वादात भर घालतो हे एका पानात मांडले. गुण फारसे वाढणार नाहीत हे मॅडमना माहीत होते आणि त्यांनी ते स्वीकारले. घरी कर्ज नव्हते, नोकरी कायम होती, म्हणून त्यांना ते परवडले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण सहकाऱ्याला मी हाच सल्ला इतक्या सहज देऊ शकणार नाही, आणि व्यवस्थेतला खरा अन्याय मला इथे दिसतो.

काय झाले

दिवाळी अंक आधी आला. मॅडमना पत्रे आली, फोन आले. त्यांतले एक पत्र निवृत्त शिक्षिकेचे होते, मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या, कुटुंबातल्या. त्यांनी लिहिले होते की गावकारीचे गुण सांगितलेत ते ठीक, पण वाटा गावकारांच्या पुरुष वंशजांनाच होता. त्यांच्या आजीने त्याच जमिनीत राबून जन्म काढला आणि तिला कधी काही मिळाले नाही. मग ही सामाईक मालकी कोणाची?

काही आठवड्यांनी इंग्रजी लेखाचे परीक्षण आले. मोठ्या सुधारणा सुचवल्या होत्या. एका परीक्षकाचा मुख्य आक्षेप त्या शिक्षिकेचाच होता: वगळण्यावर उभी असलेली संस्था सर्व पिढ्यांना सामावून घेणाऱ्या न्यायाचा नमुना कशी होईल? परीक्षकाने कोमुनिदादचे नावही बहुधा त्या लेखात पहिल्यांदाच वाचले असेल. तरी दोघींचे किंवा दोघांचे बोट एकाच जागी पडले.

मॅडमनी तो विभाग नव्याने लिहिला. गावकारीतून घ्यायचे ते मुद्दल न वाटण्याचे आणि जबाबदारी आधी पार पाडण्याचे तत्त्व. टाकायचे ते सदस्यत्व जन्माने ठरवण्याचे तत्त्व. स्थायी निधीचा लाभ कोणाला, याची व्याख्या करताना हाच दोष पुन्हा शिरू शकतो, हेही त्यांनी मांडले. खाणीच्या गावात राहणारा पण जमीन नसलेला मजूर निधीच्या लेखी कोण? लेखाचा सर्वांत सकस भाग आता हाच आहे, असे मला वाचक म्हणून वाटते. २०२५ मध्ये तो स्वीकारला गेला आणि छापून आला. पदव्युत्तर वर्गातली मुले तो मोबाईलवर वाचतात, वर्गणी लागत नाही.

दरम्यान नियमांची जमीनही हलली. आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये नव्या विनियमांचा मसुदा जाहीर केला. त्यात गुणांच्या बेरजेपेक्षा उल्लेखनीय योगदानाकडे पाहण्याचा कल होता. फेब्रुवारीत आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद झाली आणि नियतकालिक निवडण्याची जबाबदारी संस्थांवर आली. म्हणजे आमच्या समितीने धडपडत केले ते काम आता प्रत्येक महाविद्यालयाला करावे लागणार आहे.

थेट भरतीत मॅडमची निवड झाली नाही. मुलाखतीत एका सदस्याने इम्पॅक्ट फॅक्टर विचारला, दुसऱ्याने टिपण वाचून युक्तिवादावर प्रश्न केले. निवड न होण्यामागे हा लेख होता असे म्हणायला आधार नाही. गुणांत त्यांच्यापुढे इतर उमेदवार होते. त्या पुन्हा अर्ज करणार आहेत.

पुन्हा करायचे झाल्यास

विषयांची पाहणी मसुदा पूर्ण झाल्यावर झाली. ती आराखड्याच्या वेळी झाली असती तर दोन लेखांची गुंतवळ तेव्हाच सुटली असती आणि काही महिने वाचले असते. आता समितीकडे लेखाची एक पानी रूपरेषा आली की तिच्यातले प्रश्न मराठीत लिहून काढायचे आणि मग नियतकालिकांच्या अनुक्रमणिका उघडायच्या, असा क्रम लावला आहे.

मराठी लेख आधी छापणे हा योगायोग होता, तो आता ठरवून करायला हवा. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनी आधी वाचावे. तो आक्षेप घरच्या वाचकाकडून लेख पाठवण्यापूर्वीच आला असता तर पहिल्याच परीक्षणात लेख भक्कम ठरला असता.

प्राचार्यांशी मतभेद झाले तेव्हा दोन्ही बाजू आकडा आणि तत्त्व अशा टोकांवर गेल्या होत्या. नियतकालिक कसे पाहायचे याचा महाविद्यालयाचा स्वतःचा लेखी निकष असता तर ते टळले असते. त्याचा कच्चा मसुदा मी केला आहे: संपादक कोण, परीक्षणाला वेळ किती, गेल्या पाच वर्षांत कोणते प्रश्न हाताळले, लेखांचे संदर्भ किती वर्षे दिले जातात, पैसे कोण भरतो आणि आपल्या गावातल्या वाचकाला तो लेख उघडता येतो का. इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना त्यात आहे, शेवटून दुसरा. पुढच्या बैठकीत विज्ञान शाखेचे सहकारी त्यावर बोलणार आहेत, कारण त्यांच्या विषयांत हा क्रम वेगळा लागेल असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते ऐकून घ्यायला हवे.